संगणक तेथे, काम येथे

नागपूर शहरातून वर्धा मार्गाने दक्षिणेकडे निघाले की विमानतळ मागे पडतो आणि खापरीच्या आसपास मिहान प्रकल्पाचा विस्तीर्ण परिसर दिसू लागतो. देशाच्या मध्यभागी वसलेल्या नागपुरात विमान, रेल्वे आणि रस्ता या तिन्ही मार्गांनी मालाची ने-आण करणारे आंतरराष्ट्रीय केंद्र उभे राहावे, ही या प्रकल्पामागील मूळ कल्पना होय. विमानतळ आणि मिहान यांच्या विकासासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना झाली. आज या परिसरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालय आहे. टाटा कन्सल्टन्सी, इन्फोसिस, एचसीएल यांसारख्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालयेही आहेत. माहिती तंत्रज्ञानाच्या या कार्यालयांतून जो माल बाहेर पडतो, तो मात्र कोणत्याही विमानात वा मालगाडीत चढत नाही. तो काचतंतूच्या तारेतून, प्रकाशाच्या रूपाने जातो.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा जगभरातील अशा उद्योगांपुढे एकच प्रश्न उभा राहिला. माणसे घरी आणि संगणक कार्यालयात, मग काम चालावयाचे कसे? विशेष आर्थिक क्षेत्रांत या प्रश्नाला आणखी एक पदर होता. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र अधिनियमानुसार असे क्षेत्र त्याच्या मान्यताप्राप्त व्यवहारांपुरते देशाच्या सीमाशुल्क प्रदेशाबाहेरचे मानले जाते. तेथे शुल्कमुक्त आणलेला संगणक फाटकाबाहेर नेणे, ही म्हणूनच केवळ कार्यालयीन सोयीची बाब राहत नाही. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र नियमांत ‘४३ अ’ हा नवा नियम समाविष्ट करण्यात आला आणि जास्तीत जास्त निम्म्या कर्मचाऱ्यांना एक वर्षापर्यंत घरून काम करण्याची मुभा देण्याची तरतूद झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ही मुभा ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत सर्व कर्मचाऱ्यांना देता येईल, अशी सुधारणा झाली. कर्मचारी आणि कार्यालय यांना जोडणारी वाट सुरक्षित असली पाहिजे, ही अपेक्षा या नियमात स्पष्टपणे नमूद आहे.

ही सुरक्षित वाट म्हणजे काय, ती कशी जोडली जाते, का तुटते आणि ती कोणासाठी उघडावी, हे आता केवळ मिहानमधील अभियंत्यांनी जाणून घेण्याचे विषय राहिलेले नाहीत. ग्रामपंचायतीतील संगणक अडला की तंत्रज्ञ तालुक्याच्या गावाहून येईपर्यंत थांबावे लागत नाही; तो आपल्या जागेवरूनच दुरुस्ती करतो. शाळेतील शिक्षक सुटीच्या दिवशी घरून शाळेच्या संगणकावरील तक्ता पूर्ण करतो. सोय मोठी आहे. परंतु तिचे स्वरूप न समजता ती वापरली तर तोटाही तेवढाच मोठा होऊ शकतो.

चित्र येते, आज्ञा जाते

दूरस्थ संगणक वापरण्याची कल्पना नवीन नाही. एका मोठ्या संगणकाला अनेक पडदे आणि कळफलक जोडून त्यावर अनेकांनी काम करण्याची पद्धत फार जुनी आहे. घराघरांतील संगणकांसाठी तिचे रूप गेल्या शतकाच्या अखेरीस तयार झाले. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विंडोज एनटीच्या एका विशेष आवृत्तीतून ‘रिमोट डेस्कटॉप’ची पद्धत आणली. इंग्लंडमधील केंब्रिज येथील ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत त्याच सुमारास ‘व्हीएनसी’ ही दुसरी पद्धत विकसित झाली. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क यांसारखी साधने त्यानंतरची.

या सर्वांमागील तत्त्व एकच आहे. पलीकडच्या संगणकाच्या पडद्यावरील चित्र आपल्याकडे येते आणि आपण दाबलेल्या कळा व हलविलेला माऊस यांच्या आज्ञा पलीकडे जातात. एवढीच देवघेव होते. कागदपत्रे, हिशेब, नोंदी या मूळ संगणकातच राहतात. तेथील प्रक्रियाही तेथेच चालते. बुटीबोरीत राहणारा एखादा कर्मचारी घरच्या साध्या संगणकावरून मिहानमधील कार्यालयाचे मोठे काम करू शकतो, ते यामुळेच. त्याचा संगणक त्या वेळी केवळ खिडकीचे काम करीत असतो. तथापि, त्या खिडकीतून बसल्या जागी हात आत घालता येतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. जो पलीकडून जोडला जातो त्याला जवळपास तेच सर्व करता येते, जे प्रत्यक्ष खुर्चीत बसलेल्या माणसाला करता येते.

वाड्याचा पत्ता आणि बिऱ्हाडाचा क्रमांक

एकाच कार्यालयातील दोन संगणक परस्परांना सहज सापडतात, पण घरून तोच संगणक सापडत नाही, असा अनुभव पुष्कळांना येतो. याचे कारण पत्त्यात आहे. जाळ्यातील प्रत्येक संगणकाला एक क्रमांक असतो. कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यात तो बहुधा १९२.१६८ किंवा १० या आकड्यांनी सुरू होतो. हे क्रमांक खाजगी असून देशातील लक्षावधी घरांत व कार्यालयांत तेच पुनःपुन्हा वापरलेले असतात.

जुन्या वाड्याचे उदाहरण घेतल्यास हे सहज समजेल. वाड्याचा टपालाचा पत्ता एक. आत बिऱ्हाडे दहा. ‘डावीकडून तिसरी खोली’ ही खूण वाड्यातील माणसाला पुरते, पोस्टमनला पुरत नाही. पत्र आधी वाड्याच्या दारापर्यंत आले पाहिजे आणि ते कोणत्या खोलीत द्यावयाचे हे दाराशी कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे. संगणकाच्या जाळ्यात दाराशी बसलेला हा माणूस म्हणजे राउटर होय. आतून बाहेर गेलेल्या पत्राचे उत्तर तो बिनचूक त्या त्या खोलीत पोचवितो; परंतु बाहेरून आपणहून आलेल्या अनोळखी निरोपाचे काय करावे, हे त्याला सांगितलेले नसते. तो निरोप तो सोडून देतो.

आपल्याकडील अनेक मोबाइल व ब्रॉडबँड जोडण्यांत याहून एक पायरी अधिक असते. पुरवठादार कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटून देते. म्हणजे वाड्यालाही स्वतःचा पत्ता नाही. साऱ्या आळीला मिळून एकच. अशा वेळी राउटरमध्ये कितीही बदल केले तरी बाहेरून येणारी वाट उघडत नाही. या एका कारणापायी अनेकांचे तासन् तास वाया जातात. राउटरच्या बाहेरील बाजूचा क्रमांक आणि संकेतस्थळांना दिसणारा आपला क्रमांक हे दोन्ही ताडून पाहावेत. ते भिन्न असतील तर पत्ता वाटून दिलेला आहे, असे समजण्यास हरकत नाही.

पोचण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग राउटरचे एक दार बाहेरच्या जगासाठी उघडून ठेवण्याचा. या दारांना पोर्ट म्हणतात. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे नेहमीचे दार ३३८९ क्रमांकाचे आणि व्हीएनसीचे ५९०० क्रमांकाचे. हा मार्ग सोपा दिसतो, पण तो टाळावा. असे उघडे दार शोधत फिरणारे स्वयंचलित कार्यक्रम जगभर अहोरात्र चालू असतात आणि ते संकेतशब्दांचे एकामागून एक अंदाज लावीत राहतात. २०१९ च्या मे महिन्यात याच पद्धतीतील ‘ब्लूकीप’ नावाचा दोष उघड झाला. संकेतशब्द ठाऊक नसतानाही जुन्या विंडोज संगणकात शिरता येईल, इतका तो गंभीर होता. ज्या जुन्या आवृत्त्यांचे साहाय्य कित्येक वर्षांपूर्वीच संपले होते त्यांच्यासाठीही मायक्रोसॉफ्टला तेव्हा दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली.

दुसरा मार्ग आभासी खाजगी जाळ्याचा, म्हणजे व्हीपीएनचा. यात घरचा संगणक आधी स्वतःची ओळख पटवून कार्यालयाच्या जाळ्यात एका कूटबद्ध वाटेने प्रवेश करतो आणि मग आत बसल्याप्रमाणे इच्छित संगणकाशी जोडला जातो. कार्यालयांसाठी हाच मार्ग योग्य होय. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राची अशी सेवा उपलब्ध आहे.

तिसरा मार्ग मध्यस्थाचा. एनीडेस्कसारख्या साधनांत दोन्ही संगणक आपणहून बाहेर पडून एका मध्यस्थ सेवेशी बोलतात आणि ती त्यांची गाठ घालून देते. बाहेरून आत येण्याचा प्रश्नच उद्भवत नसल्याने पत्त्याची अडचण राहत नाही. केवळ एक क्रमांक सांगितला की काम होते. या मार्गाची सुलभता त्यातच आहे आणि धोकाही त्यातच आहे.

जोडणी न झाल्यास

अडचण शोधताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाने जावे. एकदम चार गोष्टी बदलल्या की कोणत्या बदलाने काय झाले हे कळत नाही.

सर्वप्रथम पलीकडचा संगणक चालू आहे काय, हे पाहावे. वीज गेली, सायंकाळी कार्यालय बंद करताना मुख्य बटण बंद झाले किंवा संगणक काही वेळाने आपोआप निद्रावस्थेत गेला, ही कारणे क्षुल्लक वाटली तरी नित्याची आहेत. दूरवरून वापरावयाच्या संगणकाची निद्रावस्था बंद ठेवावी आणि वीज आल्यावर तो आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था करावी. राउटरही बॅटरीच्या आधारावर असावा. एकटा संगणक चालू राहून उपयोग नसतो.

दुसरी पायरी पत्त्याची. पलीकडच्या संगणकाचा अंतर्गत क्रमांक कायम असतोच असे नाही; राउटर नव्याने सुरू झाला की तो बदलू शकतो. म्हणून त्या संगणकासाठी राउटरमध्ये एक क्रमांक राखून ठेवावा. संगणकाचा क्रमांक १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून क्रमांक मिळालेलाच नाही, असे समजावे आणि तार तपासावी. व्हीपीएन जोडला जातो पण संगणक सापडत नाही, असे झाल्यास घरचे व कार्यालयाचे जाळे एकाच मालिकेतील क्रमांक तर वापरीत नाहीत ना, हे पाहावे. दोन्हीकडे १९२.१६८.१ हीच मालिका असेल, तर आपला संगणक कार्यालयातील यंत्राला घरातच शोधत बसतो. घरच्या राउटरची मालिका बदलली की हा घोळ मिटतो.

तिसरी पायरी दाराची. ‘पिंग’ या आज्ञेला उत्तर आले नाही म्हणजे संगणक बंद आहे, असा निष्कर्ष काढू नये. अनेक संगणकांची संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, पिंगला उत्तर देत नाही. त्याऐवजी विंडोजमधील ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ या आज्ञेने ३३८९ हे दार उघडे आहे काय, ते पाहावे. उत्तराची वाट पाहून वेळ संपला, तर निरोप मध्येच कोठेतरी अडविला जात आहे किंवा संगणक बंद आहे. तत्काळ नकार आला, तर बहुधा संगणकापर्यंत आपण पोचलो आहोत, परंतु तेथे रिमोट डेस्कटॉपची सुविधा सुरू केलेली नाही. कार्यालयाचे जाळे ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदले गेल्यासही संरक्षक भिंत दार बंद ठेवू शकते. विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीतून दुसऱ्या संगणकाशी जोडले जाता येते, परंतु त्या आवृत्तीच्या संगणकाशी या पद्धतीने जोडले जाता येत नाही. खरेदीच्या वेळीच लक्षात घेण्यासारखी ही बाब आहे.

चौथी पायरी ओळखीची. दार उघडे, पण प्रवेश नाकारला जातो, तेव्हा वापरकर्त्याला दूरस्थ प्रवेशाचा अधिकार दिला आहे काय, हे तपासावे. संकेतशब्द नसलेल्या खात्याला विंडोज दूरून प्रवेश देत नाही. संगणक उघडण्याचा चार अंकी पिन हा संकेतशब्द नव्हे. येथे खात्याचा मूळ संकेतशब्दच लागतो. वारंवार चुकीचा संकेतशब्द दिल्याने खाते काही काळ बंद झालेले असू शकते. दोन्ही संगणकांची घड्याळे जुळत नसतील किंवा एकावर सुरक्षाविषयक सुधारणा बसविलेल्या आणि दुसऱ्यावर नसतील, तरीही ओळख पटत नाही. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, हे या संदर्भात कार्यालयप्रमुखांनी लक्षात घ्यावे.

जोडणी होते, पण काम होत नाही

चित्र अडखळत येत असेल तर तारेची रुंदी आणि तिची तत्परता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे समजून घ्यावे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. त्यामुळे राज्यातील कोणत्याही दोन शहरांतील अंतर हे अडथळ्याचे कारण ठरत नाही. याउलट पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवरील उपग्रहामार्फत जोडणी असेल, तर कळ दाबल्यापासून अक्षर पडद्यावर दिसेपर्यंत सुमारे अर्धा सेकंद जातोच. तेथे कितीही मोठ्या क्षमतेची जोडणी घेतली तरी हा विलंब कमी होत नाही. अन्य ठिकाणी चित्राचा आकार व रंग कमी करणे, पडद्यावरील शोभेचे चित्र काढणे आणि वायरलेसऐवजी तार वापरणे, या साध्या उपायांनी फरक पडतो.

मराठीत टंकलेखन करणाऱ्यांना आणखी एक अडचण भेडसावते. आपल्या संगणकावर मराठी कळफलक निवडलेला असतो आणि पलीकडे मात्र इंग्रजी अक्षरे उमटतात. कळ दाबल्याची वर्दी पलीकडे जाते; तिचे अक्षर कोणते, हे बहुधा पलीकडचा संगणक ठरवितो. म्हणून आपल्याकडे इंग्रजी कळफलक ठेवून पलीकडच्या संगणकावर मराठी कळफलक निवडावा. तसेच विंडोजच्या साध्या आवृत्तीत एका वेळी एकच व्यक्ती काम करू शकते. आपण दूरून प्रवेश केल्यावर तेथे बसलेल्या सहकाऱ्याचा पडदा बंद होतो, याची त्याला आधी कल्पना द्यावी.

किल्ली कोणाच्या हाती?

येथवरच्या अडचणी यंत्राच्या होत्या. याहून महत्त्वाची बाब आहे ती विश्वासाची. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावधगिरीची सूचना दिली. एनीडेस्क हे साधन लोकांच्या फोनवर उतरवून घ्यावयास लावून, त्याद्वारे खात्यातील पैसे काढले जात असल्याचे तीत म्हटले होते. साधन स्वतः गैर नाही. दुरुस्तीसाठी ते जगभर वापरले जाते. फसवणूक होते ती क्रमांक सांगण्याच्या क्षणी. वीज तोडण्याची वा खाते बंद होण्याची भीती घालणारा दूरध्वनी येतो, ‘साहाय्या’साठी एक साधन उतरवून घ्यावयास सांगितले जाते आणि पडद्यावरील नऊ-दहा आकडे विचारले जातात. ते सांगून संमतीची कळ दाबली की पडदा समोरच्या व्यक्तीलाही दिसू लागतो. एकवेळचा संकेतांक मग तोंडाने सांगण्याचीही गरज उरत नाही. तो वाचला जातो.

ग्रामपंचायतीच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. २४ एप्रिल २०२० रोजी ई-ग्रामस्वराज प्रणाली सुरू झाली आणि पंचायतींचे हिशेब व देयके तिच्याद्वारे होऊ लागली. देयकांना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. एकाने प्रस्तुत करावे आणि दुसऱ्याने तपासून मान्यता द्यावी, या दोन स्वाक्षऱ्यांमागील हेतू असा आहे. परंतु दोघांचीही स्वाक्षरीची उपकरणे दिवसभर त्याच संगणकाला जोडलेली, त्यांचे पिन पडद्याच्या कडेला चिकटविलेल्या चिठ्ठीवर किंवा संगणकचालकाच्या तोंडपाठ, आणि त्याच संगणकात दूरस्थ साधन कायम उघडे असेल, तर दोन स्वाक्षऱ्यांचा अर्थच उरत नाही. गावाचा निधी तिजोरीत असतो, पण तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या कुलपाला लावून ठेवलेल्या असतात.

म्हणून काही नियम कटाक्षाने पाळावेत. दूरस्थ साहाय्य आपण मागितले असेल तरच घ्यावे. आपणहून दूरध्वनी करणाऱ्यास पडदा देऊ नये. जोडणीपूर्वी स्वाक्षरीची उपकरणे काढून घ्यावीत आणि बँकेची पृष्ठे बंद करावीत. काम चालू असेपर्यंत जबाबदार व्यक्तीने पडद्यासमोर बसावे. काम संपताच जोडणी तोडावी आणि ‘केव्हाही प्रवेश’ देणारा कायमचा संकेतशब्द ठेवू नये. कोण, केव्हा व कशासाठी जोडला गेला, याची नोंद एका वहीत करावी. भेटीला आलेल्या माणसाची नोंद आपण ठेवतो. दूरवरून आत आलेल्याची ठेवू नये असे कोणतेच कारण नाही.

शंका येताच इंटरनेटची तार काढावी, म्हणजे पलीकडचा हात तत्क्षणी दूर होतो. त्यानंतर बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आर्थिक फसवणुकीत वेळ दवडू नये, कारण पैसे पुढील खात्यांत जाण्यापूर्वी रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांसह सर्व संस्थांनी संगणकीय घुसखोरीची माहिती राष्ट्रीय संगणक आपत्काल प्रतिसाद दलास, म्हणजे सर्ट-इनला, सहा तासांच्या आत देणे बंधनकारक आहे.

मिहानसारख्या ठिकाणी तंत्रज्ञ, कुंपण आणि नियमावली दिमतीला असतात. गावातील कार्यालयात यांपैकी बहुधा काहीच नसते. असतो तो एक संगणक आणि त्यापुढे बसलेला एक माणूस. तरीही दोन्हीकडचा मूळ प्रश्न सारखाच आहे. दूरवरून उघडणारे दार कोणासाठी, किती वेळ आणि कोणाच्या देखरेखीखाली उघडावे, हे ठरविण्यासाठी अभियांत्रिकीच्या पदवीची आवश्यकता नाही. ग्रामपंचायतीच्या पुढील मासिक सभेत आपल्या संगणकावर कोणती दूरस्थ साधने बसविलेली आहेत आणि स्वाक्षरीची उपकरणे सायंकाळी कोठे ठेवली जातात, एवढे दोन प्रश्न सदस्यांनी विचारले तरी या कामाचा आरंभ होईल.